नऊ वर्षांचा गेमिंग पीसी लिनक्सवर न्यावा का?

कासारवडवलीकर | ६ फेब्रुवारी २०२६, रात्री ११.४२

नमस्कार मंडळी,

महिनाभर मनात घोळत असलेला प्रश्न आज विचारून टाकतो.

२०१७ च्या पाडव्याला हा पीसी घरी जोडला. तेव्हा आम्ही नेरुळला राहत होतो, आता ठाण्याला. आदल्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन एकेक भाग आणला होता: आय५-६५००, एच११० बोर्ड, १६ जीबी रॅम, ६ जीबीवालं जीटीएक्स १०६०, २४० जीबीचा एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. लेक दुसरीत होती. मी स्क्रू पिळत होतो आणि ती मोबाइलचा टॉर्च धरून उभी होती. आज ती अकरावीत आहे आणि त्याच मशीनवर व्हॅलोरंट खेळते. मी शनिवारी रात्री एज ऑफ एम्पायर्स २ आणि अधूनमधून विचर ३. बायको सोसायटीचे हिशेब एक्सेलमध्ये ठेवते.

मशीन ठणठणीत आहे. पण विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी जवळपास इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच सुरू होते. आमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. इथल्या एका दुकानदाराने तर कॅबिनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "साहेब, भंगारात काढा, नवीन घ्या." नवीन घ्यायला रॅमचे भाव बघितले आणि गप्प बसलो. गेल्या वर्षाच्या शेवटापासून ते कुठच्या कुठे गेलेत. आणि खरं सांगायचं तर हे मशीन टाकवत नाही.

तर सरळ फॉरमॅट मारून लिनक्स टाकू का? खेळ चालतील का? कोणी आपल्या भागात केलंय का?

पारसिक_बोगदा | ६ फेब्रुवारी, रात्री ११.५५

लिनक्स मिंट टाका. बिनधास्त.

ऐरोलीचा_आजोबा | ७ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

बिनधास्त नको. आधी खेळांची यादी करा, मग डिस्ट्रोचं, म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार घ्यायचा त्याचं, बोलू.

मी लिनक्स बरीच वर्षं वापरतोय. २०१८ च्या आधी कोणी हा प्रश्न विचारला असता तर नाही म्हणालो असतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये वाल्व कंपनीने आपल्या स्टीम या खेळांच्या दुकानात प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारी सोय, आणलं आणि चित्र पालटलं. विंडोजचा खेळ ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्टएक्समधून बोलतो. लिनक्सला ती भाषा येत नाही, व्हल्कन येते. मध्ये डीएक्सव्हीके नावाचा दुभाषी बसतो आणि ९, १०, ११ या आवृत्त्यांचं बोलणं जागच्या जागी व्हल्कनमध्ये सांगतो. डायरेक्टएक्स १२ साठी दुसरा दुभाषी आहे, व्हीकेडी३डी-प्रोटॉन. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं मशीन याच भरवशावर चालतं.

आता तुमचे खेळ. एज ऑफ एम्पायर्स २ ची नवी आवृत्ती उत्तम चालते. विचर ३ सुद्धा, पण एक लक्षात ठेवा. डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर त्यात डायरेक्टएक्स ११ आणि १२ असे दोन पर्याय मिळतात. तुमचं कार्ड पास्कल पिढीचं आहे. त्यावर लिनक्समध्ये १२ वाले खेळ विंडोजपेक्षा स्पष्ट हळू चालतात, ११ वाले जवळपास बरोबरीने. तेव्हा ११ निवडायचं.

व्हॅलोरंट मात्र नाही. "जरा खटपट केली की चालेल" असंही नाही. त्याचं व्हॅनगार्ड, म्हणजे खेळातली फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम, विंडोजच्या थेट कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसतं. प्रोटॉन खेळाचं भाषांतर करतं, कर्नल ड्रायव्हरचं नाही. फोर्टनाइट, कॉल ऑफ ड्यूटी यांचीही तीच गत. एपेक्स लेजेंड्स चालायचा, तो २०२४ च्या ऑक्टोबरअखेर कंपनीनेच लिनक्सवर बंद केला. जीटीए ५ मधली एकट्याने खेळायची गोष्ट चालते, ऑनलाइन सप्टेंबर २०२४ पासून नाही. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र लिनक्ससाठीच बनवलेले मिळतात, त्यांना दुभाषी लागत नाही.

बाकीचे खेळ प्रोटॉनडीबी या साइटवर शोधा. प्लॅटिनम, गोल्ड असे शेरे असतात. नुसता शेरा बघू नका, खाली जीटीएक्स १०६० वाल्यांनी काय लिहिलंय ते वाचा.

नौपाड्याचा_निनाद | ७ फेब्रुवारी, सकाळी ९.३२

एवढा खटाटोप कशाला? रूफस नावाच्या प्रोग्रॅमने विंडोज ११ चा पेनड्राइव्ह बनवा. टीपीएम या सुरक्षा चिपची आणि प्रोसेसरची अट तोच काढून टाकतो. माझ्या चौथ्या पिढीच्या मशीनवर वर्षभर मस्त चाललंय. खेळायचं असेल तर विंडोजच, बाकी सगळी हौस.

ऐरोलीचा_आजोबा | ७ फेब्रुवारी, सकाळी १०.०५

निनाद, तुमच्या मशीनवर व्हॅलोरंट आहे का?

विंडोज ११ वर व्हॅनगार्ड टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सह्या तपासणारी सोय) दोन्ही मागतं. रूफसने अट काढल्यावर विंडोज बसतं, पण व्हॅनगार्डला त्याचं काही देणंघेणं नसतं. ते व्हॅन ९००१ असा एरर दाखवतं आणि खेळ उघडत नाही. तोच खेळ विंडोज १० वर टीपीएमशिवाय चालतो. म्हणजे लेकीसाठी म्हणून ११ टाकलं आणि लेकीचाच खेळ गेला, असं व्हायचं.

कासारवडवलीकरांच्या बाबतीत एक फट आहे. सहाव्या पिढीच्या बऱ्याच बोर्डांवर बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, इंटेल पीटीटी म्हणून एक पर्याय असतो, तो चालू केला की टीपीएम २.० मिळतं. मग अट फक्त प्रोसेसरची उरते. पण अटीत न बसणाऱ्या मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपणहून येत नाही. दर वेळी पेनड्राइव्ह घेऊन बसायचं.

नौपाड्याचा_निनाद | ७ फेब्रुवारी, सकाळी १०.२०

नाही, मी फक्त फुटबॉल आणि गाड्यांचे खेळ खेळतो. व्हॅन ९००१ चं माहीत नव्हतं. तेवढं मागे घेतो. दरवर्षी एकदा पेनड्राइव्ह लावायला मात्र माझी ना नाही.

सीवूड्सची_मीना | ७ फेब्रुवारी, दुपारी १.४८

मला त्या दुभाष्यातलं फार कळत नाही, पण एक विचारते. लेकीला विचारलंत का?

माझा मुलगा दहावीनंतर पुण्याला गेला. शाळेतली चार पोरं रोज रात्री साडेनऊला ऑनलाइन भेटतात. कान देऊन ऐकलं तर खेळाबद्दल थोडं आणि बाकी सगळं कोणाच्या कॉलेजात काय झालं, कोणाची आई आजारी आहे. आपण कट्ट्यावर बसायचो ना, ते हे आहे. तुम्ही नेरुळहून ठाण्याला आलात म्हणता. तिच्या मैत्रिणी कुठल्या? नेरुळच्या असतील तर तुम्ही खेळ नाही, तिचा कट्टा काढून घेताय.

तिच्याशी बोलल्याशिवाय फॉरमॅट मारू नका.

पारसिक_बोगदा | ७ फेब्रुवारी, दुपारी २.०३

मीनाताई, शंभर टक्के. माझं "बिनधास्त" रद्द समजा.

कळव्याचा_केदार | ७ फेब्रुवारी, रात्री १०.१५

ड्रायव्हरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी ठेच खाल्ली आहे.

एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल ही कुटुंबं, म्हणजे ९७० किंवा १०६० सारखी कार्डं, नव्या ड्रायव्हरमधून वगळली आहेत. ५८० ही त्यांची शेवटची मालिका. ५९० पासून ती कार्डं ओळखलीच जात नाहीत. माझ्याकडे १०५० टीआय आहे आणि मी सतत ताजं राहणारं एक डिस्ट्रो वापरत होतो. डिसेंबरात सवयीने अपडेट मारला, रीस्टार्ट केलं आणि समोर काळा पडदा. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं काम होतं. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर वाचत वाचत, काळ्या पडद्यावर टाइप करून ५८० परत बसवला. नीट वाचून अपडेट केला असता तर ती वेळ आली नसती, सूचना आधी आली होती.

म्हणून १०६० वाल्यांनी शांत डिस्ट्रो घ्यावं. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ या डिस्ट्रोवर उभं आहे, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ५८० समोर दिसतो. तो निवडायचा आणि विसरायचा. एएमडीचं आरएक्स ५७० किंवा आरएक्स ५८० कार्ड असतं तर ही चर्चाच नव्हती, एएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो.

छपाईवाली (डोंबिवली) | ८ फेब्रुवारी, सकाळी ११.२६

थोडं अवांतर. मी डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दिवाळी अंक. श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये केलेलं वीस वर्षांचं काम पडून आहे, ते सगळं युनिकोडच्या आधीचं. ते विंडोजशिवाय उघडायचं नाही म्हणून एक मशीन तसंच ठेवलंय, नेटला न जोडता. दुसऱ्यावर लिनक्स आहे. म्हणजे एकाच घरात दोन्ही नांदतात, सगळं किंवा काहीच नाही असं करायची गरज नसते.

आणि मराठी टायपिंगची भीती कोणी घालत असेल तर ऐकू नका. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत असतोच. ज्यांना इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून टायपायची सवय आहे त्यांनी कीबोर्डच्या यादीत मराठीखाली "कागप" शोधा. काही उतरवून घ्यावं लागत नाही.

वागळे_इस्टेट_१६ | ८ फेब्रुवारी, दुपारी १२.५०

कागप! नाव वाचूनच बसवावंसं वाटलं. धन्यवाद ताई.

बाकी हा धागा वाचून स्टेशनजवळचा सायबर कॅफे आठवला. तासाला वीस रुपये, काउंटर-स्ट्राइक १.६, आणि पावसाळ्यात ओल्या चपला दाराबाहेर. तिथल्या मशीनवर २५६ एमबी रॅम होती आणि आम्ही खूश होतो. १६ जीबीच्या मशीनला भंगार म्हणणाऱ्या दुकानदाराचा मला राग आलाय.

खारघर_टेकडी | ८ फेब्रुवारी, दुपारी १.१५

राग रास्त आहे. चाललेलं मशीन चालू ठेवणं यासारखा ई-कचऱ्यावर दुसरा उपाय नाही.

पण दोन वर्षांत बंद पडू शकणारी गोष्ट म्हणजे एसएमपीएस, मशीनला वीज पुरवणारा डबा. नऊ वर्षं खाडीकाठची दमट हवा आणि घोडबंदरची धूळ खाल्लेली आहे. ओएस कुठलीही टाका, आधी कॅबिनेट उघडून साफ करा, प्रोसेसरची पेस्ट बदला. लिनक्स टाकल्याने पंख्यात अडकलेली धूळ जात नाही.

कासारवडवलीकर | ९ फेब्रुवारी, रात्री ११.२०

मीनाताई, तुम्ही लिहिलंत म्हणून काल लेकीशी बोललो. पाच जणी आहेत. चौघी नेरुळच्या, तिच्या जुन्या शाळेतल्या. आम्ही ठाण्याला आलो ते तिच्या आठवीत. तिने एवढंच म्हटलं, "बाबा, तुम्ही मला विचाराल असं वाटलं नव्हतं." मला त्याचं फार वाईट वाटलं. महिनाभर मी एकटाच ठरवत बसलो होतो, आणि पहिला टॉर्च तिनेच धरला होता.

तिला लिनक्सबद्दल कुतूहल आहे. कॉलेजात प्रोग्रॅमिंग सुरू झालंय आणि सर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, वापरायला सांगतात. म्हणजे दोन्ही हवंय. दोन्ही ठेवायचं तर कसं ठेवावं?

ऐरोलीचा_आजोबा | १० फेब्रुवारी, सकाळी ६.५५

आता प्रश्न सुटला. विंडोजच्या एसएसडीला हात लावू नका. दुसरा एसएसडी घ्या, त्यावर मिंट. एकाच डिस्कचे तुकडे पाडू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: मिंट बसवताना विंडोजच्या एसएसडीची साटा केबल काढून ठेवा. इन्स्टॉलरला जी डिस्क दिसत नाही ती त्याला पुसता येत नाही. हार्ड डिस्कचीही काढा. झालं की परत लावा, आणि सुरू करताना बूट मेन्यूमधून डिस्क निवडा.

विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत. आजच नोंदवा. आणि त्या विंडोजवर फक्त खेळ. बँक, मेल, सोसायटीची कागदपत्रं सगळी मिंटवर.

कळव्याचा_केदार | १० फेब्रुवारी, सकाळी ९.४०

दोन गोष्टींची भर.

खेळ विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर ठेवून दोन्हीकडून वापरू असा मोह होतो. करू नका. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद करूनही डिस्क अर्धी झोपलेलीच राहते आणि लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडतं. शिवाय प्रोटॉनला ज्या प्रकारच्या फाइली लागतात त्यांचं एनटीएफएसशी नीट जुळत नाही. लिनक्सचे खेळ लिनक्सच्याच ईएक्सटी४ पद्धतीच्या डिस्कवर.

वायफाय डोंगल वापरत असाल तर सुरुवातीला तो ओळखला जाईलच असं नाही. मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. त्यावर ड्रायव्हर उतरवून घ्या.

नौपाड्याचा_निनाद | १० फेब्रुवारी, सकाळी १०.१२

माझ्याकडे २५० जीबीचा एसएसडी पडून आहे, वर्षभर वापरलेला. हवा असेल तर घ्या. रविवारी संध्याकाळी मी तलावपाळीला असतोच. पैसे नकोत, कसं चाललंय ते इथे लिहा म्हणजे झालं. मलाही बघायचंय.

कासारवडवलीकर | १६ फेब्रुवारी, रात्री १२.३५

निनाद भेटले. तलावपाळीवर अर्धा तास उभ्या उभ्या बोललो, एसएसडी त्यांनी रुमालात गुंडाळून आणला होता. मनापासून आभार.

घरी येऊन लेकीने आणि मी मिळून कॅबिनेट उघडलं. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यामागे धुळीची चक्क राखाडी वळी जमली होती, बोटाने अख्खी निघाली. प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी भुगा झालेली. लेकीने साफ केली, मी टॉर्च धरला. मग लाल साटा केबल काढून बाजूला लोंबकळत ठेवली आणि मिंट बसवलं. वीस मिनिटंही लागली नाहीत.

अडखळलो ते एकाच ठिकाणी. ५८० निवडल्यावर त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा आला, "कोणतंही बटण दाबा" आणि दहापासून उलटे आकडे. आम्ही काय आहे ते वाचत बसलो, आकडे संपले आणि मशीन पुढे निघून गेलं. मग पडदा ठोकळेबाज, रिझोल्यूशन कमी, स्टीम उघडलं तरी खेळ सुरू होईना. काय चुकलं?

ऐरोलीचा_आजोबा | १६ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

तुमचं सिक्युअर बूट चालू आहे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मशीनवरच घडतो, त्याच्यावरची सही मशीनला ओळखीची नसते. त्या निळ्या पडद्यावर "ही सही माझी आहे" असं सांगायचं असतं: एन्रोल एमओके, कंटिन्यू, यस, आणि ठरवलेला पासवर्ड. वेळ चुकली की सही नोंदवली जात नाही आणि ड्रायव्हर चढत नाही. बाकी काही बिघडलेलं नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवा, तो पडदा परत येईल. या वेळी लेकीला बटणावर बोट ठेवून बसवा.

कासारवडवलीकर | १६ फेब्रुवारी, रात्री ९.५८

झालं! बोट तिचंच होतं.

विचर ३ माझ्याकडे जीओजी या खेळांच्या दुसऱ्या दुकानावर आहे, हिरोइक नावाच्या लाँचरमधून उतरवला, डायरेक्टएक्स ११ निवडलं. पहिली पाचेक मिनिटं नव्या जागी गेलं की किंचित अडकत होता, मग सरळ. एज ऑफ एम्पायर्स तर काहीच न करता.

सीवूड्सची_मीना | १६ फेब्रुवारी, रात्री १०.३०

वाचून खूप बरं वाटलं. आणि रात्री साडेनऊचं?

कासारवडवलीकर | १९ मार्च २०२६, सकाळी ११.१५

पाडव्याच्या शुभेच्छा मंडळी. सकाळी गुढी उभारली. मशीनला आज नऊ वर्षं झाली, म्हणून हा धागा वर आणतोय.

मीनाताई, साडेनऊचं सुरू आहे. फक्त पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. मिंटवरून विंडोजवर गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. रात्रीचे आठ आणि तिथे दुपारचे अडीच. त्यामुळे लॉगिन होईना आणि चौघी खोळंबल्या. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तिलाच इथली वेळ समजतं. लेकीने स्वतः शोधून टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल ही आज्ञा वापरून ते लोकल वेळेवर आणलं. मला नंतर सांगितलं.

बायकोची हिशेबाची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली, बेरजा बरोबर आहेत, पण पावत्या छापायचा एक मॅक्रो चालत नाही. तो लेक नव्याने लिहितेय. आमचा जुना लेझर प्रिंटर मात्र अजून मिंटवर बोललेला नाही. कोणाला काही माहीत असेल तर सांगा.

मूळ प्रश्न होता, न्यावा का. अर्धा नेला. नव्वद टक्के वेळ मशीन मिंटवर असतं, रात्रीचा दीड तास विंडोजवर. निनाद, तुमचा एसएसडी छान चाललाय.

नौपाड्याचा_निनाद | १९ मार्च, दुपारी १२.०२

वा! शुभेच्छा. मीही या रविवारी जुन्या लॅपटॉपवर मिंट बसवतोय. पेनड्राइव्ह तयार आहे.

खारघर_टेकडी | १९ मार्च, दुपारी १२.४०

आणि ऑक्टोबरनंतर? विंडोज १० चे वाढीव अपडेटही तेव्हा संपतील.

कासारवडवलीकर | १९ मार्च, दुपारी १.३०

बायॉसमध्ये पीटीटी सापडलं आहे, आजोबांनी सांगितलेलं. ते चालू करून ११ टाकायचं, की तोवर पाचही जणींनी काउंटर-स्ट्राइक २ वर यायचं, यावर त्यांच्यात रोज वाद चालू आहेत. दोघी तयार आहेत, दोघी नाहीत. लेक अजून कोणाच्या बाजूने बोललेली नाही. कालनिर्णयवर १३ ऑक्टोबरला तिने लाल पेनने गोल करून ठेवलाय.